भाऊजींचा अंगठा

आमच्या भाऊजींना बोलायला विषय लागत नाही, फक्त माणूस लागतो. तोही नसला तर कपाट चालतं. हे मी गमतीनं म्हणत नाही. आमची कंपनी लोखंडी कपाटं बनवते, भाऊजी तिथल्या डिस्पॅचचे प्रमुख, आणि गाडीत चढवण्याआधी कपाटाच्या दारावर टिचकी मारून "नीट जा रे बाबा" म्हणताना मी त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकलंय. मी त्यांची मेहुणी, बसते शेजारच्याच टेबलावर. नोकरी त्यांनी लावली, त्यामुळे त्यांची बडबड ऐकणं हा माझ्या कामाचाच भाग आहे असं ते धरून चालतात.

लिहायचं झालं तरी तीच गत. स्टोअरमधून दोन डबे स्क्रू हवे असले तर दुसरा माणूस हाक मारेल. भाऊजी चिठ्ठी लिहिणार, वर "स. न. वि. वि.", खाली "कळावे, लोभ असावा", त्याखाली "आपला नम्र" आणि मग पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, हुद्द्यासकट. मधे कुठेतरी स्क्रू. शाळेत कुणा मास्तरांनी त्यांना पत्रलेखन छडी हातात घेऊन शिकवलं असावं, ते हाडात मुरलेलं. कंपनीचे मालक, आमचे थोरले साहेब, या चिठ्ठ्यांवर खूष असायचे. रोज चारच्या चहाला भाऊजींना आत बोलवायचे, आणि दोघं मिळून जगाचं वाटोळं कसं झालं यावर एकमत करून बाहेर यायचे.

मग थोरल्या साहेबांचे गुडघे थकले आणि त्यांचे चिरंजीव कारभार बघायला आले. धाकटे साहेब बाहेर शिकून आले होते. कुठे, ते कळलं नाही, पण तिथं खुर्च्या नसाव्यात, कारण आल्या आल्या त्यांनी सगळ्यांच्या मीटिंगा उभ्यानं घ्यायला सुरुवात केली. नंतर एक ग्रुप काढला. नाव ठेवलं "आपलं घर". ज्या कंपनीला अचानक घर व्हायची हौस येते तिथं कुणाला तरी घराबाहेर काढायचं ठरलेलं असतं, हे मला तेव्हाच कळायला लागलं होतं.

ग्रुपबरोबर एक नवी पद्धत आली. प्रत्येकाच्या नावापुढे एक ठिपका. काम चालू असलं की हिरवा, माऊस जरा स्वस्थ बसला की पिवळा, फारच स्वस्थ बसला की राखाडी. डिस्पॅचचं काम असं की माणूस टेबलावर सापडला म्हणजे तो काम करत नाहीये. भाऊजी दिवसभर गोदामात, गाड्यांपाशी, दोरखंड तपासत. त्यामुळे ते जेवढं काम करत तेवढे राखाडी होत. शिवाय सकाळी आल्या आल्या स्क्रीनवर पाच चेहरे यायचे आणि "आज कसं वाटतंय?" असा प्रश्न. एकदा भाऊजींची दाढ ठणकत होती. त्यांनी इमानेइतबारे रडका चेहरा दाबला. लगेच त्यांना दीर्घ श्वास घेण्याचा व्हिडिओ पाठवण्यात आला. तो संपूर्ण बघितल्याशिवाय पुढचा पडदा उघडेना. तोंड उघडून श्वास घेतला की दाढेला वारा लागायचा. त्या दिवसानंतर आमच्या ऑफिसात कुणालाही कधीही वाईट वाटलेलं नाही.

ग्रुपवर भाऊजींचा पहिला मेसेज लिहायला अख्खी सकाळ गेली. अडचण भाषेची नव्हती, मानाची होती. "काय गं, धाकट्या साहेबांना साष्टांग की सप्रेम? हुद्द्यानं मोठे आहेत, पण मी त्यांना चड्डीत पाहिलंय." शेवटी सप्रेमवर तडजोड झाली. स. न. वि. वि. पासून लोभ असावापर्यंत मेसेज इतका लांब झाला की वाचताना दोनदा बोट सरकवावं लागलं. विषय होता, गोदामातला एक दिवा गेलाय.

धाकट्या साहेबांनी उत्तर दिलं, "काका, शॉर्टमध्ये." पोरांनी खाली हसून लोळणारे चेहरे टाकले, आणि दुपारपर्यंत भाऊजींचं नाव "लोभकाका" पडलं. दिवा बदलायचा राहिलाच.

इथवर सगळी गंमत होती. मग कानावर आलं की ग्रुपवर कोण किती भाग घेतं याचे गुण मोजले जाताहेत, आणि तळाच्या लोकांना वर्षअखेर नारळ. तळाशी कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता. ताईनं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, मला घरी बोलावून घेतलं आणि स्वयंपाकघराचं दार लोटलं.

"दोन वर्षं राहिलीत त्यांची," ती म्हणाली. "कसंही करून तिथंच ठेव. तिथून निवृत्त होऊन, सत्कार बित्कार घेऊन येऊ देत. नाहीतर आयुष्यभर मनाला लावून घेतील. आणि आत्तापासून दिवसभर घरात बोलत बसले तर मला वेड लागेल. तू त्यांचं तोंड बंद कर बाई."

बहिणीचा शब्द मी खाली पडू दिला नाही. दुसऱ्या दिवशी भाऊजींचा फोन हातात घेऊन त्यांना अंगठा दाखवला. म्हणजे फोनमधला, उभा, पिवळा.

"साहेबांचा मेसेज आला की वाचत बसायचं नाही. अंगठा दाबायचा. आणि पहिला अंगठा तुमचा पाहिजे, पहिल्याला जास्त गुण असतात."

"मला पटलं नसेल तर?"

"तरी अंगठा."

"आणि पटलं असेल तर?"

"अंगठा."

"मग फरक काय राहिला?"

"नोकरी राहिली," मी म्हटलं.

 भाऊजींनी स्वतःचा खराखुरा अंगठा वर केला. मला वाटलं, जिंकलं.

माणूस मुळात सरळ, सांगितलेलं काम चोख करणारा. त्यांनी अंगठ्याचा धडाका लावला. सकाळचा सुविचार, अंगठा. सुट्टी रद्द, अंगठा. एकदा एका गाडीवाल्यानं वाटेतून विचारलं, "डावीकडे वळू की सरळ जाऊ?" भाऊजींनी अंगठा पाठवला. ती सहा कपाटं शेवटी कुठल्या गावात निघाली ते शोधायला दोन दिवस लागले, पण ग्रुपवर भाऊजींचे गुण त्या आठवड्यात सगळ्यांत जास्त होते. ठिपक्याचाही बंदोबस्त त्यांनी केला. टेबलफॅनच्या जाळीला दोरा, दोऱ्याला माऊस. फॅन मान फिरवायचा आणि माऊस त्याच्यामागे लाडक्या कुत्र्यासारखा इकडून तिकडे. महिन्याच्या शेवटी त्यांना "उत्साही सहकारी" असं प्रमाणपत्र मिळालं. ते मिळालं तेव्हा भाऊजी गोदामात होते आणि फॅन जागेवर होता.

आणि मग थोरल्या साहेबांचा तो मेसेज आला. मुलानं त्यांनाही ग्रुपवर बसवलं होतं. म्हाताऱ्यानं एका बोटानं, किती वेळ घेऊन कोण जाणे, लिहिलं होतं की आजपासून मी कंपनीतून पूर्ण निवृत्त होत आहे, इतकी वर्षं आपण साथ दिलीत, माझ्याकडून कुणी दुखावलं गेलं असल्यास क्षमा करावी.

पहिला अंगठा भाऊजींचा.

लगेच भाऊजींचा फोन वाजला. स्पीकरची गरज नव्हती, थोरल्या साहेबांचा आवाज माझ्या टेबलापर्यंत आला. "मला अंगठा दाखवतोस? इतकी वर्षं माझ्यासमोर बसून चहा प्यायलास, आणि जाताना अंगठा? यापेक्षा तोंडावर शिवी दिली असतीस तर चाललं असतं!"

"साहेब, अहो, तो तसला अंगठा नव्हे, हा फोनमधला..."

"अंगठा तो अंगठाच!" फोन बंद.

पोरं फिदीफिदी हसली. त्यांच्या लेखी अंगठा म्हणजे छान. आमच्या पिढीत अंगठा दाखवणं म्हणजे ऐनवेळी हात वर करणं, फसवणं, वर वाकुल्या. थोरल्या साहेबांचं काहीच चुकलं नव्हतं. भाऊजी त्यांच्या घरीही जाऊन आले, पण दार उघडलं नाही. चारचा चहा तेव्हापासून भाऊजी एकटे घ्यायचे, टेबलावर, फॅनसमोर.

हळूहळू ते बोलायचेच थांबले. सुरुवातीला मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. ताईही खूष. भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं की अंगठा. बाहेर जाऊ या का, अंगठा. महिन्याभरानं तिचा फोन आला. "अगं, काहीतरी बोलायला लाव त्यांना. परवा नळ गळतोय म्हटलं तर अंगठा दाखवून आत गेले. घर नुसतं खायला उठतं."

"तूच म्हणालीस तोंड बंद कर."

"बंद कर म्हणजे इतकं नाही गं!" ती रडायलाच लागली. आता नवऱ्याची मापं बदलायची तर आधी सांगावं माणसानं. पण ती रडली, ते मला लागलं. शिकवणारी मीच होते.

त्याच सुमाराला धाकट्या साहेबांनी "मनमोकळं" काढलं. ग्रुपवर एक दुवा आला. तो उघडला की एक रिकामी चौकट, आणि वर लिहिलेलं, कंपनीबद्दल जे मनात असेल ते बिनधास्त लिहा, नाव कुणालाही कळणार नाही. ऑफिसातल्या प्रत्येकानं आपापलं बिनधास्त मत शेजाऱ्याला दाखवून, साहेबांना चालेल ना याची खात्री करून, मगच पाठवलं. मी लिहिलं, "वातावरण प्रेरणादायी आहे." भाऊजींना बजावलं, "दोन ओळी. कौतुक. बस." त्यांनी मला अंगठा दाखवला. तो कुठल्या अर्थानं होता, ते मला पुढच्या मीटिंगमध्ये कळलं.

मीटिंग नेहमीप्रमाणे उभ्यानं. भिंतीवर मोठा स्क्रीन. धाकटे साहेब हसतमुख. "मी यातलं काहीही आधी वाचलेलं नाही," ते म्हणाले. "पारदर्शकता! सिस्टिमनंच सगळ्यात मन लावून दिलेलं मत निवडलंय." सिस्टिमला वाचता येत नाही, मोजता येतं. तिनं सगळ्यात लांब मत निवडलं होतं.

स्क्रीनवर पहिली अक्षरं उमटली, "स. न. वि. वि."

 सगळे छताकडे बघायला लागले. छतावर काहीही नव्हतं. मी भाऊजींकडे बघितलं, ते हात मागं बांधून शाळेतल्यासारखे सरळ उभे होते. धाकटे साहेब मोठ्या आवाजात वाचायला लागले.

"आपण मोकळेपणाने लिहा असे सुचवलेत, म्हणून धाडस करीत आहे. माझा ठिपका दिवसभर हिरवा असतो. तो मी ठेवत नसून माझा टेबलफॅन ठेवतो. माऊसला दोरा बांधून तो फॅनला जोडला आहे. 'उत्साही सहकारी' हे प्रमाणपत्रही वास्तविक त्याचेच आहे, तरी त्याच्या नावे करून द्यावे."

कुणीतरी फुसकन हसलं. साहेबही हसले. "हेच हवंय मला! असा मोकळेपणा!" आणि उत्साहानं पुढे निघाले.

"पूर्वी माझे चुकले की आपले वडील मला नाव घेऊन ओरडत. वाईट वाटे, परंतु आपल्याशी कुणी बोलले असेही वाटे. हल्ली मला कुणी ओरडत नाही. आपणांस आठवत नसेल, आपण लहान असताना सुट्टीत कारखान्यात आला होता व लपाछपी खेळताना मोठ्या कपाटात शिरला होता. दार लागले, किल्ली सापडेना. आपण आतून फार रडत होता..."

 साहेब इथं वाचायचे थांबले, पण स्क्रीन थोडाच थांबतो. उरलेलं आम्ही सगळ्यांनी मनात वाचलं.

"किल्ली येईपर्यंत मी दाराला टेकून आपल्याशी बोलत बसलो होतो. काय बोललो ते स्मरत नाही, बहुधा निरर्थकच असेल. परंतु आपण रडायचे थांबला होता. त्या वेळी मी बाहेरून नुसता अंगठा दाखवला असता, तर चालले असते काय? कळावे, लोभ असावा. आपला नम्र,"

आणि खाली पूर्ण नाव. वडिलांच्या नावासकट. हुद्द्यासकट.

"छान," धाकटे साहेब म्हणाले. "खूपच... छान." मग त्यांनी पुढचं मत उघडलं. ते माझं होतं. वातावरण प्रेरणादायी आहे.

परत येताना मी भाऊजींना जिन्यात गाठलं. "अहो, नाव कळणार नाही म्हणून सांगितलं होतं ना! तुम्ही नाव लिहिलंत?"

"पत्राखाली नाव नसेल तर ती निनावी चिठ्ठी होते," ते म्हणाले. "निनावी चिठ्ठ्या चहाडखोर लिहितात." आणि गोदामात निघून गेले. 

पुढच्याच आठवड्यात ग्रुपवर मेसेज आला. सुरुवातीला फुलं, मधे हात जोडलेले, शेवटी फुगे. "आपल्या घरातले एक ज्येष्ठ सदस्य आजपासून एका नव्या प्रवासाला निघत आहेत. नव्या रचनेत त्यांची भूमिका उरत नसली तरी ते कायम आपल्या मनात असतील." अर्ध्यापर्यंत मला वाटलं, कुणीतरी वारलं. मग खाली भाऊजींचं नाव दिसलं. वडिलांच्या नावाशिवाय.

आणि त्याखाली पहिला अंगठा.

मी शेजारी बघितलं. भाऊजी फोन खाली ठेवून दोरखंडाची गाठ सोडवत बसले होते.

"भाऊजी, वाचलंत का?"

"वाचायचं नाही असं तूच सांगितलंस ना?"

"वाचा."

त्यांनी चष्मा लावून वाचलं. दोनदा वाचलं. तोवर खाली टपाटप अंगठे पडायला लागले होते. ज्याच्या स्टोअरमधला दिवा यांनी स्वतः शिडीवर चढून बदलला तो स्टोअरवाला, ज्याच्या लग्नात यांनी कपाट घासाघीस करून अर्ध्या किमतीत मिळवून दिलं तो हिशेबनीस, एकेक करून सगळे. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं, हे मला माहीत आहे. ज्याचं जातंय त्यानंच पहिला अंगठा दिला, मग आपलं काय जातं! पण इतकी वर्षं ज्यांच्यात काढली त्या सगळ्या ऑफिसनं त्या माणसाला अंगठा दाखवला, आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"सगळ्यांना पटलेलं दिसतंय," भाऊजी म्हणाले.

एवढ्यात त्यांच्या फोनवर ओळ उमटली की तुम्हाला या ग्रुपमधून काढण्यात आलं आहे. त्यांनी फॅनचा दोरा सोडला, बोटाभोवती नीट गुंडाळून खिशात टाकला, डबा उचलला. माझ्या स्क्रीनवर त्यांचा ठिपका आधी पिवळा झाला, मग राखाडी. मी फाटकापर्यंत त्यांच्यामागे गेले. तिथं एक कपाट गाडीची वाट बघत उभं होतं. जाता जाता त्यांनी त्याच्या दारावर टिचकी मारली. म्हणाले मात्र काही नाहीत.

ते मला बघवलं नाही. मी जागेवर येऊन बसले आणि ग्रुप उघडला. सगळ्यांचे अंगठे झाले होते, माझाच तेवढा राहिला होता. मी लिहायला घेतलं.

संध्याकाळी ताईकडे गेले. मला वाटलं होतं घरात सुतक असेल. दार उघडताना ताईचे डोळे सुजलेले, पण तोंडावर हसू. "मघाशी थोरल्या साहेबांचा फोन आला होता. ते अजून आहेत ना ग्रुपवर, त्यांना काढायची कुणाची छाती आहे! म्हणाले, 'आता कळलं का, अंगठा कसा लागतो ते?'  आणि दोघं जे हसत सुटले! उद्या चारला चहाला बोलावलंय."

भाऊजी खुर्चीत बसून होते. मला बघून सरसावले. "तू तरी जपून राहा गं आता. मला काढल्यावर ग्रुपवर काही झालं का?"

"मी लिहिलं."

"अंगठा?"

"नाही. लिहिलं." आणि मी फोन काढून वाचून दाखवलं. "स. न. वि. वि. आमच्या खात्याचे प्रमुख आज गेले. मला काम त्यांनी शिकवलं. त्यांच्यावाचून ठिपके हिरवेच राहतील, कपाटं मात्र कुठे पोचतील सांगता येत नाही. मला फार वाईट वाटतं आहे आणि रागही आला आहे. पाचांपैकी कुठला चेहरा दाबावा ते समजेना, म्हणून लिहीत आहे. कळावे, लोभ असावा."

भाऊजींनी डोळे मिटून ऐकलं. "'कळावे'नंतर स्वल्पविराम दिलास?"

"दिला."

"खाली नाव?"

"पूर्ण. हुद्द्यासकट."

"गाढव आहेस!" ते ओरडले. खरंच ओरडले, इतक्या महिन्यांनी, भिंतीपलीकडं ऐकू जाईल असे. "मी म्हातारा, माझं काय, आज ना उद्या जायचाच होतो. तुला काय अवदसा आठवली? आणि 'आज गेले' काय? लोकांना वाटेल मी मेलो! 'आज सेवेतून मुक्त झाले' असं लिहायचं. आमचे मास्तर म्हणायचे, क्रियापद चुकलं की माणूस मरतो. आता मास्तर म्हणजे कसे, सांगतो तुला..."

आणि त्यांनी सांगायला घेतलं. मास्तरांवरून गाडी त्यांच्या सायकलीवर गेली, सायकलीवरून शाळेच्या गळक्या कौलांवर, कौलांवरून ताईच्या नळावर. माझा फोन दोनदा थरथरला, ग्रुपवर धाकट्या साहेबांचं काहीतरी आलं होतं. मी ते न वाचता फोन पालथा घातला. स्वयंपाकघरातून ताई ओरडली, "अहो, तिला जेवू तरी द्या!" भाऊजी कसले थांबतात. मग तिनं गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि तीही ऐकायला येऊन बसली.